म्हणे सोमनाथ

शरणपूर रोड, नाशिक
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

चि. मैना हीस,
प्रभूमध्ये सलाम.

एकोणीस वर्षांनी माझं पत्र बघून तुला आश्चर्य वाटेल. वाटू दे. परवा मला जो धक्का बसला त्यापुढे ते काहीच नाही. फोनच करणार होतो, पण आईच्या दफनाच्या दिवशी तू तुझ्या वहिनीला, उज्वलाला दिलेला नंबर लागत नाही. लागला असता तरी माझा आवाज ऐकून तू ठेवला असतास. म्हणून पत्र. तुझ्या दवाखान्याचा पत्ता उज्वलाच्या वहीत होता.

रविवारी आपल्या चर्चमध्ये कापणीचा सण होता. दरवर्षीसारखी पेठकडच्या पाड्यांवरची मंडळी नागली, उडीद, भोपळे घेऊन आली होती. सगळं वेदीपुढे मांडून झाल्यावर उंबरमाळच्या सात-आठ बायका गायला उभ्या राहिल्या. पेटी नाही, तबला नाही, नुसत्या टाळ्या. मी नेहमीप्रमाणे पहिल्या बाकावर होतो. गाणं असं होतं:

भाजला मी राब । राखेत पेरणी ।
तुझ्या पावसानी । हिरवळ ॥

अक्षरं मोजायची माझी जुनी खोड तुला माहीत आहे. मी बोटांवर मोजली. सहा, सहा, सहा, चार. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. पाड्यावर असा अभंग कोण रचतं म्हणून मी कान टवकारले, आणि मग शेवटचं कडवं आलं:

म्हणे सोमनाथ । जळाले ते नाव ।
आता तुझा ठाव । राखेखाली ॥

मैना, हे गाणं मी केलेलं नाही. आयुष्यात कधी ऐकलेलंही नाही. आणि आपल्या मंडळीत गाणी रचणारा सोमनाथ नावाचा दुसरा माणूस नाही. म्हणजे कुणीतरी गाणं रचून शेवटी माझी नाममुद्रा ठोकून मोकळं होतंय. बाजूला बसलेल्या उज्वलाने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा समोर बघायला लागली.

तू गेली एकोणीस वर्षं उंबरमाळच्याच दवाखान्यात नर्स आहेस. तुझ्या कानावर काही आलंच असेल. हे कोणाचं काम आहे याचा तपास कर आणि मला कळव. घाई अशासाठी, की रविवारी, १४ डिसेंबरला माझ्या कीर्तनसेवेला पंचेचाळीस वर्षं झाली म्हणून मंडळी सत्कार करणार आहे. माझ्या गाण्यांचं पुस्तकही त्याच दिवशी निघतंय. पाळकसाहेबांना हे राबाचं गाणं इतकं आवडलं की तेही पुस्तकात घ्यायचं म्हणतायत.

गैरसमज नको. मला नावाची हाव नाही. ‘स्वतःला मरणे’ या एका विषयावर मालेगाव, सटाणा, मनमाड इथल्या मंडळ्यांमध्ये मी किती कीर्तनं केली याचा हिशेब माझ्याकडेही नाही. ‘मी’ मेल्याशिवाय प्रभू आत येत नाही, हे मी लोकांना रडेपर्यंत सांगितलं आहे. पण चोरी ती चोरीच. माझ्या नावाने कुणी काय खपवतंय हे मला कळायला हवं.

तेव्हाचं तू अजून मनात धरून बसली असशील, तर एवढंच सांगतो की जे झालं ते तुझ्या भल्यासाठी झालं.

तुझा वडील बंधू,
सोमनाथ भिकन त्रिभुवन
(कीर्तनकार)

ता. क. राब म्हणजे नक्की काय? सहज विचारतो.


नाशिक
गुरुवार, २० नोव्हेंबर

मैना,
सलाम.

तुझं उत्तर आलं नाही. म्हणून काल मीच उंबरमाळला जाऊन आलो. उज्वलाला सांगितलं की मालेगावला कीर्तनाचं बोलणं करायला जातोय. पंचवटीपासून पेठ नाक्यापर्यंत कुंभमेळ्याच्या कामांनी रस्ते उकरून ठेवलेत, तिथेच तासभर गेला. पुढे एसटी बरी गेली.

आधी एक कबूल करतो. मागच्या पत्रात ते लिहिलं नव्हतं.

त्या रविवारी गाणं संपल्यावर पाळकसाहेब उठले आणि माईकवरून म्हणाले, सर, हे रत्न आमच्यापासून लपवून ठेवलं होतंत? सगळ्या चर्चने माझ्याकडे बघितलं. मी ‘माझं नाही’ म्हणायला तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं, ‘प्रभूची कृपा.’ हे दोन शब्द कसे आले ते मला अजून कळलेलं नाही. मी ठरवून बोललो नाही. माझ्या तोंडाला ते पाठ होते.

तेवढ्यावर भागलं असतं. पाळकसाहेब छत्तीसगडकडचे, त्यांनी विचारलं राब म्हणजे काय, जरा मंडळीला समजवा. मी उभा राहिलो. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेला माणूस मी. मी सांगितलं की राब हा शब्द राबण्यावरून आला, राब म्हणजे कष्ट, आणि कष्टात भाजून निघालेला विश्वासणारा इथे बोलतो आहे. पाच मिनिटं बोललो. उंबरमाळच्या बायका एकमेकींकडे बघत होत्या आणि एकीने तोंडाला पदर लावला होता. मला वाटलं, भारावल्या.

ती पदर लावणारी मंगलाबाई काल मला पाड्याच्या तोंडाशीच भेटली. मला बघून म्हणाली, तुम्ही ते राबवाले सर ना? मी हो म्हटलं. तिने हसू दाबलं, पाणी दिलं, आणि मी न विचारता मला वावराच्या कडेला घेऊन गेली. तिथे नागलीच्या खाचरांच्या वर एक लहानसा उतार होता, बाकीच्या जमिनीपेक्षा काळा. ती म्हणाली, हा राब. उन्हाळ्यात इथे पाला, शेण, काटक्या अंथरायच्या आणि जाळायच्या. पाऊस पडायच्या आत त्या राखेत बी टाकायचं. रोप वीतभर झालं की उपटून खालच्या वावरात लावायचं. राबाच्या जागेला कणीस येत नाही, ते सगळं दुसऱ्याच्या वावरात जातं. मी मान हलवत राहिलो. शाळेतली मुलं आपल्याला न कळलेलं कळल्यासारखं दाखवताना जशी मान हलवतात तशी.

मग मी मुद्द्यावर आलो. विचारलं, गाण्यातला हा सोमनाथ कोण?

“गानी करनारा,” ती म्हणाली. “तो मेला. लय वरसं झाली.”

मी म्हटलं, कोण म्हणालं मेला?

“मैनाबाय. आमी इचारलं, बाय, हा सोमनाथ कोन? ती म्हनली, तो सोताला मेला. आता सोताला मेला काय, तापानं मेला काय, मेला तो मेलाच ना.”

मैना, मी तिच्यासमोर उभा होतो. धोतर नाही, पँट-शर्ट घालून, हातात पिशवी घेऊन, जिवंत. आणखी काय काय ऐकायचं होतं ते ऐक. तुमच्या प्रार्थनेच्या पत्र्याच्या शेडमागे आंब्याखाली एक उभा दगड आहे. त्यांच्या रीतीप्रमाणे गेलेल्या मोठ्या माणसाचा दगड उभा करतात तसा. त्यावर नाव नाही. मंगलाबाईने सांगितलं, हा सोमनाथचा. इस्टरच्या सकाळी आम्ही याला धुतो, मैनाबाय पाणी घालते, मग त्याची गाणी म्हणतो. किती गाणी, मी विचारलं. तिने बोटं दुमडून मोजली. एकतीस. बुधवारी लस टोचायला पोरं घेऊन बायका दवाखान्याच्या ओट्यावर बसतात, तेव्हा तू शिकवलीस. एकही कागदावर नाही.

मी त्या दगडापुढे वहाणा काढल्या. का काढल्या सांगता येत नाही.

तू भेटली नाहीस. दोनची एसटी पकडायची होती.

आणखी काय लिहू. तूच आहेस हे मला त्या रविवारी दुसऱ्याच ओळीला कळलं होतं. दुसरा आणि तिसरा चरण तू ज्या पद्धतीने जुळवतेस तसं कुणी जुळवत नाही. तरी मी तुला ‘तपास कर’ म्हणून लिहिलं.

माझा प्रश्न एवढाच आहे: का? माझंच नाव का?

सोमनाथ


नाशिक
रविवार, ७ डिसेंबर

मैना,

आठवडाभर पुस्तकाची प्रुफं तपासतोय. पहिल्याच पानावर ‘गव्हाचा दाणा’ आहे, ज्या गाण्यामुळे मला लोक ओळखतात. प्रुफं तपासताना माणूस अर्थ बघत नाही, काना-मात्रा बघतो. तसा शेवटच्या कडव्यापर्यंत आलो, आणि पहिल्यांदाच अर्थ वाचला:

म्हणे सोमनाथ । दाणा तो कुजला ।
कोंब तुझा आला । माझा नव्हे ॥

एकोणीस वर्षं मी गावोगाव पेटी पुढ्यात घेऊन, डोळे मिटून, हे म्हणत आलो. म्हणे सोमनाथ, कोंब माझा नव्हे. लोक डोळे पुसायचे. मी भर सभेत हात वर करून सांगत होतो की हे माझं नाही, आणि ते ऐकायला मी स्वतः तिथे नव्हतो.

आता जे तुला माहीत आहे तेच लिहितो. ते मी कधी तोंडाने कबूल केलेलं नाही म्हणून लिहितो.

ते गाणं तू मला कॅलेंडरच्या पानामागे लिहून दिलं होतंस. शेवटी होतं, ‘दासी मैना म्हणे’. सहा अक्षरं. मी काढलं आणि ‘म्हणे सोमनाथ’ घातलं. तीही सहाच. तोलायला एक क्षण लागला नाही. मनमाडच्या मेळाव्यात मी ते गायलो तेव्हा तू समोर बसली होतीस. माझ्याबरोबर तुझे ओठ हलत होते. माझ्या तोंडून माझं नाव आलं आणि तुझे ओठ थांबले. ते मी पाहिलं होतं. पुढच्या कीर्तनात मी नजर दुसरीकडे ठेवली.

घरी येऊन तू विचारलंस. मी म्हणालो, देवाला गाणं पाहिजे, नाव नको, स्वतःला मरायला शिक. तू म्हणालीस, मग दादा, तुझं का घातलंस? उत्तर नसलं की मी प्रार्थना करतो, ही माझी दुसरी खोड. त्या रविवारी भर उपासनेत मी उठलो आणि तुझं नाव घेऊन मोठ्याने प्रार्थना केली, प्रभू, आमच्या बहिणीचा अहंकार मोड, तिला स्वतःला मरायला शिकव. सगळे आमेन म्हणाले. आईसुद्धा म्हणाली. महिन्याभरात तू उंबरमाळला निघून गेलीस. मी लोकांना सांगितलं, सेवेला गेली.

दुसऱ्याला मरायला सांगणं इतकं सोपं असतं हे मला तेव्हाही कळत होतं बहुतेक.

हे सगळं मी परवा उज्वलाला सांगितलं. उंबरमाळचंही सांगितलं. मला वाटलं ती हादरेल. ती मेथी निवडत होती, निवडत राहिली. म्हणाली, “मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्ही कधी शेतात पाऊल ठेवलंय? तुम्हाला कुजलेला दाणा कुठून सुचणार?” मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? ती म्हणाली, माझ्यासाठीही तुम्ही मोठ्याने प्रार्थना केली असती. मग स्वतःशीच म्हणाली, म्हणे सोमनाथ. आपल्याकडे खात्री नसलेल्या बातमीला ‘म्हणे’ लावतात तसं म्हणाली. मला बसलेल्या धक्क्यांत हा सगळ्यात मोठा होता. घरातलं माणूस एकोणीस वर्षं माझं कीर्तन ऐकून घरी येऊन मला वाढत होतं, आणि सगळं जाणून होतं.

आणखी एक. मागच्या पत्रात लिहिलं की तू भेटली नाहीस. ते खोटं आहे. मंगलाबाई म्हणाली होती, बाय आत हाय, बोलवू का? दवाखान्याच्या पायरीशी तुझ्या चपला होत्या. एकीचा अंगठा दोऱ्याने शिवलेला. मी पंधरा पावलांवर उभा होतो. मी ‘नको’ म्हणालो आणि एसटीच्या थांब्याकडे चालत सुटलो.

आता १४ तारखेला मी उभा राहून सगळं सांगणार आहे. ठरवलं आहे. पण तुझ्यापासून लपवायचं नाही म्हणून हेही लिहितो. काल मी आरशासमोर त्या भाषणाची तालीम करत होतो. कुठे थांबायचं, कुठे आवाज कापरा करायचा, कुठे चष्मा काढायचा. ‘मी चोर आहे’ हे वाक्य तीन तऱ्हांनी म्हणून बघितलं आणि तिसरी तऱ्हा मला आवडली. मग आरशात स्वतःला बघून भीती वाटली. मला मरायचं होतं, आणि मी त्याचंही कीर्तन लावत होतो.

उत्तर दे. शिव्या दिल्यास तरी चालेल.

सोमनाथ


उंबरमाळ
१० डिसेंबर

दादा,
सलाम.

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. तू आलास तेव्हा मी खिडकीतून तुला पाहिलं. पोरांना लस टोचत होते. तू वहाणा हातात घेऊन अनवाणीच निघालास, अर्ध्या वाटेवर घातल्यास. मी हाक मारली नाही.

‘का’ विचारलंस. तुला वाटत असेल मी स्वतःला मेले आणि नम्रतेने तुझं नाव घातलं. तसं पुस्तकात छापू नकोस. मी रागाने घातलं. पहिलं गाणं झालं तेव्हा मनात म्हटलं, घे, हेही घे. एक दिवस कुठेतरी ऐकशील आणि तुझ्या तोंडचं पाणी पळेल, याची मी वाट बघत होते. दहा-बारा गाणी अशी झाली. मग कधीतरी राग आटला आणि सवय राहिली. आता ती नुसती सहा अक्षरं आहेत. गाताना माझ्या डोळ्यांपुढे तू येतही नाहीस.

‘स्वतःला मेला’ हा मी मारलेला टोमणा होता. बायकांनी तो खराच धरला. दगड उभा केला तेव्हा त्यांना थांबवायला हवं होतं, ते मी केलं नाही. पहिल्या इस्टरला त्यावर पाणी घालताना मला आतून बरं वाटत होतं, हे देवासमोर खरं सांगते. तिसऱ्या का चौथ्या वर्षी पाणी घालता घालता रडू आलं आणि थांबेना. मंगलाबाई म्हणाली, रड बाय, आपलं मानूस होतं. ते माझ्या लक्षातच नव्हतं.

तेव्हा मरणाबद्दल तूही मला शिकवू नकोस, मीही तुला शिकवत नाही. आपल्या दोघांनाही ते येत नाही.

माझं नाव पुस्तकात घालू नकोस. मंगलाबाईला मी काय सांगू? मेलेला माणूस जिवंत आहे, नाशिकला राहतो, आणि त्याला राब माहीत नाही?

उज्वलावहिनीला सलाम सांग.

मैना


नाशिक
सोमवार, १५ डिसेंबर

मैना,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. चार वेळा वाचलं. तरी तुझं ऐकलं नाही. तुझ्यावर उपकार म्हणून नाही, पोटात हे ठेवून शाल अंगावर घेणं मला जमलं नसतं म्हणून.

काल काय झालं ते लिहितो.

चर्च भरलं होतं. पाड्यावरची मंडळीही जीप करून आली होती. मुखपृष्ठावर माझा फोटो असलेली पुस्तकं टेबलावर रचून ठेवली होती. माझी पाळी आली. तालीम केलेलं एकही वाक्य मला आठवलं नाही, त्याबद्दल देवाचे आभार. मी म्हणालो, “‘गव्हाचा दाणा’ माझं नाही, माझ्या बहिणीचं आहे. मी ते चोरलं. तिने विचारलं तेव्हा याच जागी उभं राहून मी तिच्याविरुद्ध प्रार्थना केली, आणि तुम्ही आमेन म्हणालात. राबाचं गाणंही तिचंच आहे.” एवढंच. चष्मा काढला नाही.

मला वाटलं, आता कुणीतरी उठून बाहेर जाईल, कुणीतरी ओरडेल. मी त्याला तयार होतो. पाळकसाहेब पुढे आले. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी मला मिठी मारली आणि माईकवर म्हणाले, “बंधुभगिनींनो, स्वतःला मरणं म्हणजे काय ते आज आपण डोळ्यांनी पाहिलं. आयुष्याची कमाई बहिणीच्या पदरात टाकणारा भाऊ.” आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले.

मैना, कुणाचाच विश्वास बसला नाही. मी म्हणत होतो, नाही, मी खरंच चोरलं, तसतशा टाळ्या वाढत होत्या. पंचेचाळीस वर्षं मी त्यांना शिकवलं की नम्र माणूस असाच बोलतो. ते माझं कीर्तन मलाच ऐकवत होते. माझं खरं बोलणं माझ्याच खोट्याने झाकून टाकलं होतं.

मग मला वाटलं, गाऊन दाखवू. पेटी ओढली. तबल्यावर मनोज होता, त्याने ठेका धरला. शेवटच्या कडव्याला मी होता तेवढा आवाज लावून म्हटलं, ‘दासी मैना म्हणे’. आणि चारशे माणसांनी, सवयीने, एका सुरात म्हटलं, ‘म्हणे सोमनाथ’. माझा आवाज त्यात बुडाला. पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच झालं. मी पेटीचा भाता सोडून दिला.

तेव्हा मागून मंगलाबाई उठली. माईक नाही, काही नाही, जागेवरूनच बोलली.

“हे सर खरं सांगत्यात. ह्यांना राब ठावं नव्हता. गानी ह्यांची नाय. सोमनाथ मेला, त्याचा दगड आमच्याकडं हाय.”

सगळं चर्च हसलं. पाळकसाहेबही हसले. मी माईक धरून म्हणालो, “बाई बरोबर सांगतायत.” त्यावर आणखी हसले. फक्त उज्वला हसली नाही. आणि मनोजची आई, जी तुझ्याविरुद्धच्या प्रार्थनेच्या दिवशी आपल्या आईच्या बाजूला बसून आमेन म्हणाली होती, ती उठून खाली मान घालून बाहेर गेली. एवढ्या चर्चमध्ये तिघींनी माझं ऐकलं. मग शाल आली, नारळ आला, फोटो झाले.

सगळं आटोपल्यावर मी पाड्याच्या जीपपाशी गेलो. मंगलाबाई पुढच्या सीटवर भोपळ्याचं रोप मांडीवर घेऊन बसली होती. ती माझ्याकडे निरखून बघत होती. तिला काहीतरी खटकत होतं. म्हणाली, “मंग तुम्ही कोन?”

मैना, शाळेत, चर्चमध्ये, मेळाव्यात कुणी हा प्रश्न विचारला की माझं उत्तर तयार असतं. काल नव्हतं. मी सोमनाथ म्हणालो असतो तर तिच्या मेलेल्या माणसाला मी उठवलं असतं, तुझ्या त्या रडण्यासकट. कीर्तनकार म्हणायला जीभ उचलली नाही. तिलाच माझी दया आली असावी. म्हणाली, “मैनाबायचा भाऊ म्हना ना. तेवढं पुरं.” आणि जीप निघाली.

आज सकाळपासून उज्वला आणि मी पुस्तकं घेऊन बसलोय. पाळकसाहेब म्हणाले दुसऱ्या आवृत्तीत बघू, पण मी गठ्ठे घरी आणले. पहिल्या पानावर ‘म्हणे सोमनाथ’ खोडून ‘दासी मैना म्हणे’ लिहितो. ते तुझं होतं, ते तुझं तुला परत देतोय, राग आला तरी चालेल. राबाच्या गाण्यात मात्र हात घातला नाही. ते नाव तूच घातलंस आणि तो माणूस तुमच्याकडे आंब्याखाली आहे. त्याचा माझ्याशी संबंध नाही. उज्वलाचं अक्षर माझ्यापेक्षा सुवाच्य आहे, हे मला आज कळलं.

५ एप्रिलला इस्टर आहे. तुला चालणार असेल तर दगडावर पाणी घालायला मी येईन. मंगलाबाईला काही सांगायची गरज नाही, तिला जेवढं माहीत आहे तेवढं बरोबर आहे. या वेळी चपला पायरीशी दिसल्या तर मी वर येईन. तू दार लावून घेतलंस तर ओट्यावर, लस टोचायला बायका बसतात तिथे बसेन.

सवयीने मंगलाबाईचे ते शब्द मी बोटांवर मोजून बघितले. मैनाबायचा भाऊ. सात भरतात. एक अक्षर जास्त होतं, अभंगात बसत नाही. बरं झालं.

मैनाबायचा भाऊ